पाटावरचा पाना

मी चिडले की आधी बोलते आणि मग आठवडाभर पस्तावते. माहेरी हे सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी अकरा वर्षांत ठाऊक झालंय. तरी त्या दिवशी जे बोलले ते बोलायला नको होतं. पण आधी गाडीचं सांगते, म्हणजे मी एवढी का पेटले ते कळेल.

गाडी माझ्या बाबांची. पांढरी, छोटी, चौदा वर्षांची. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं घेतली होती आणि तिला मुलीसारखं जपलं होतं. म्हणजे माझ्यापेक्षा जास्तच. बाबा गेले तेव्हा आई म्हणाली, "तू घेऊन जा गं ती. अंगणात उभी असली की वाटतं, आत्ता हॉर्न वाजेल." मी ती सासरी, घोटावड्याला आणली आणि रोज हिंजवडीच्या ऑफिसला तिनंच जाऊ लागले.

आई ताम्हिणी घाट उतरल्यावर निजामपूरच्या अलीकडे एका गावात एकटी राहते. एक्काहत्तर वर्षांची. श्रावणात ती न्हाणीच्या दारात घसरून पडली सकाळी सातला, आणि शेजारच्या कमळच्या दृष्टीस पडली दुपारी एकला. सहा तास ती तिथं ओल्या फरशीवर पडून होती. मला नंतर सांगते कशी, "काही नाही गं, छताकडे बघत होते. कोळिष्टकं किती झालीत!" मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

त्यानंतर दोन महिने मी तिच्या मागे लागले होते, इथं ये, आमच्याकडे राहा. लेकीच्या सासरी कायमचं कसं राहायचं, लोक काय म्हणतील, तुझ्या सासूबाईंना चालेल का, एक ना दोन. शेवटी कबूल झाली, पण अटी घालून. "दसऱ्याला सीमोल्लंघन करतात, तेव्हाच निघेन. सकाळी दहाला ये. आणि तुझ्या बाबांच्या गाडीतून. भाड्याच्या गाडीत बसून घर सोडायला मी काय लग्नाला आलेली पाहुणी आहे?" मी आईला ओळखते. हा दसरा हुकला की ती पुढच्या दसऱ्याची वाट बघत बसली असती, त्याच न्हाणीच्या शेजारी.

तर नवमीच्या दुपारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी पौडहून झेंडूची फुलं घेऊन आले आणि दारात ब्रेक दाबला. खर्रर्र! अंगावर काटा आला. ब्रेक दोन आठवडे कुईं कुईं करत होते, नाही म्हणत नाही. मी रेडिओ मोठा करायचे, पार ओट्यावर ऐकू जाईल इतका. इंजिनिअर आहे मी, बरं का.

माझे सासरे हैबतराव ओट्यावर बसले होते. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात. मामा छत्तीस वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर होते. डाव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनमध्ये गेलीत, पण उरलेल्या आठांत ते जे करतात ते आमच्या दहांना जमत नाही.

"पुन्यांदा दाब," ते म्हणाले. मी दाबला. त्यांनी तोंड वाकडं केलं. "पोरी, पॅड संपलं. आता लोखंडावर लोखंड घासतंय. ह्या गाडीनं उद्या घाट उतरायचा न्हाई."

"मामा, असं नका हो म्हणू!"

"मी कशाला म्हनू? गाडीच म्हनतीया. नवं पॅड पंधरा दिसामागंच आनून ठिवलंय मी. चारदा म्हनलं, एक दुपार गाडी ठिव. तुला टायम कुटं हाय?"

"मग आत्ता बदलूया ना. किती वेळ लागेल?"

"म्होरल्या दोन्ही चाकांचं धरून दोन तास." पण ते उठले नाहीत. त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं, आणि मला आठवलं की आज खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार धुऊनपुसून पाटावर बसतं. कोयता, कुऱ्हाड, खुरपी, मामांचे सगळे पाने मोठ्यापासून लहानापर्यंत रांगेनं, गाडीचा जॅक, चाकाचा पाना, स्वयंपाकघरातली विळीसुद्धा. म्हणून त्या दिवशी जेवणात उसळ-भाकरी, चिरायचं काही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आत्यांनी माझा लॅपटॉप मागून घेतला आणि कुऱ्हाडीशेजारी ठेवला. "तुजं हत्यार त्ये," म्हणाल्या. हळद कळांच्या फटीत गेली ती अजून निघाली नाही. दसऱ्याचा नैवेद्य होऊन उत्तरपूजा होईपर्यंत यातल्या कशालाही हात लावायचा नाही. म्हणजे उद्या दुपारी एकपर्यंत. त्यानंतर पॅड बदलून निघाले असते तर आईच्या दारात दिवेलागणीला पोचले असते, आणि दिवेलागणीला घर बंद करून आई कुठेही जात नाही.

आत्या म्हणजे रत्नाबाई. उंचीला माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपणच बुटके वाटतो. मी त्यांना सगळं सांगितलं, हात जोडले. त्या पाटासमोर समई सारखी करत होत्या.

"आज हत्याराला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्या, एवढं एकच वर्ष."

"न्हाई."

"अहो, पण आईला मी शब्द दिलाय!"

"न्हाई म्हनलं ना शुभांगी. ह्यांच्या हातात आज पाना द्यायची न्हाई मी."

शेखर असता तर त्यानं मधे पडून काहीतरी केलं असतं, पण माझ्या नवऱ्याला कंपनीनं तीन महिने चेन्नईला धाडलं होतं. माझं डोकं फिरलं. "सरळ सांगा ना, आत्या. माझी आई तुम्हाला इथं नकोच आहे. पान्याचं निमित्त कशाला हवंय?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. पदराला हात पुसले आणि मागच्या दारानं परसात गेल्या.

मी तरातरा बाहेर पडले. गावात पाने काय कमी आहेत? गोरखच्या गॅरेजवर गेले. शटर अर्धं खाली, आत उदबत्त्यांचा धूर, आणि गोरख कधी नव्हे तो पांढऱ्या शर्टात. "वैनी, आज कंप्रेसरला बी हार घातलाय. परवा या," म्हणाला आणि हातावर पेढा ठेवला. पेढा खात पुढच्या दोन घरी गेले, तिथंही जॅक पाटावर. आमच्या वरच्या खोलीत साहिल भाड्यानं राहतो, नागपूरचा, आयटीतला. त्यानं मोठ्या उत्साहानं त्याचं टूलकिट काढून दिलं. चष्म्याचे स्क्रू घट्ट करायचं होतं ते.

परत येऊन मी गाडीत बसले, काचा वर केल्या आणि रडले. रागानंच रडत होते. थोड्या वेळानं दुसरं दार उघडून मामा शेजारी बसले. त्यांनी समोरच्या काचेवरची माशी हाकलली.

"ही बोटं कधी गेली, ठाऊक हाय तुला?" त्यांनी विचारलं.

"प्रेसमध्ये गेली ना."

"कुटं न्हाई, कधी म्हनतोय मी. खंडेनवमीला गेली."

अकरा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अर्जंट ऑर्डर व्हती. सायबानं मानूस धाडला बोलवायला. माजे पाने पाटावर. मी म्हनलं, आज न्हाई जात. तर हीच म्हनली, जावा, नव्यानं पर्मनंट झालायसा, नाराज नका करू. आन् आपल्या हातानं पाटावरला पाना उचलून माज्या डब्याच्या पिशवीत घातला. तीन वाजता बोटं गेली." त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. "प्रेसमधी बिघाड व्हता. पान्याचा काय संबंध? शंबरदा सांगितलं हिला. पर त्यो पाना हिनं दिला व्हता ना. तवापासनं ह्या दिशी ती मला सुई बी देत न्हाई."

मी माझ्या बाजूची काच खाली केली.

"आन् दुसरं. मागल्या खोलीत गेलीस का चार दिसांत?"

"नाही. धान्याची कणगी आहे ना तिथं."

"व्हती," मामा म्हणाले. "जा, बग जा."

मी गेले. कणगी नव्हती. भिंतीला नवा चुना, खिडकीजवळ कमी उंचीचा पलंग, वर आत्यांची स्वतःची गोधडी, त्यांच्या आईनं शिवलेली, जी त्या कुणाला हात लावू देत नाहीत. आणि मग मला न्हाणीच्या दाराशी बसवलेली लोखंडी नळी आठवली. चार दिवसांपूर्वी मामांनी भिंतीला भोकं पाडून बसवली होती. मी म्हटलं, वा, टॉवेल वाळत घालायची सोय झाली, आणि तिच्यावर टॉवेल टाकत होते. ती नळी आईला धरायला होती. मला माझीच इतकी लाज वाटली की विचारू नका.

आत्यांची माफी मागायला मी आत धावले, तर त्या पाटासमोर बसलेल्या. डोक्यावरून पुन्हा आंघोळ केली होती, केसांचं पाणी पाठीवर गळत होतं. हातात अक्षता. माझी चाहूल लागली असणार, पण वळल्या नाहीत. त्या हत्यारांशी बोलत होत्या.

"बाबांनो, आज तुमची सुट्टी. दर साली देतीया, कदी मोडली न्हाई. एकदाच मोडली, त्याचं लई झालं. पर उद्याच्याला आमच्या घरात मानूस यायचंय. म्हातारं मानूस हाय, एकलं पडलंय. तेवढं काम करून द्या. उद्या पुरी सुट्टी देते, दिसभर. माजा शबुद हाय."

अक्षता वाहिल्या, दोन्ही हातांनी पाट जरासा हलवला. झाली उत्तरपूजा. मग त्यांनी पाना उचलला. बांगड्या वाजल्या. उठून आल्या आणि पाना माझ्या हातात दिला.

"ह्यांच्या हातात द्यायचा न्हाई. आपुन दोघींनी करायचं. ह्यांनी नुस्तं तोंड चालवायचं."

"आत्या, मी मघाशी जे बोलले..."

"गप. आधी ब्रेक."

मामा अंगणात बाजेवर बसले, दोन्ही हात काखेत घालून. आत्यांनी तसं बजावलंच होतं. बिचाऱ्यांचा जीव नुसता वरखाली होत होता.

"हँडब्रेक वढलास का? गिअरात टाक. मागल्या चाकांना धोंडं लावा. आगं जॅक लावायच्या आधी नट ढिलं कर, मग गाडी उचल! उलटं केलंस तर चाक गरागरा फिरंल नुस्तं!"

नट निघेनात. मी पान्यावर उभी राहिले, तरी नाही. मग आत्यांनी माझ्या खांद्याला धरून त्याच पान्यावर पाय ठेवला आणि दोघींनी मिळून एक हिसका दिला. कर्रकन सुटला. "हात्तिच्या!" आत्या म्हणाल्या आणि पुढच्या तिन्हींसाठी पदर खोचून तयार झाल्या. चाक काढून मामांनी ते गाडीखाली आडवं सारायला सांगितलं, जॅक सटकलाच तर गाडी त्यावर बसावी म्हणून.

चाकामागे चकचकीत तबकडी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी जबडा म्हणजे कॅलिपर. त्या जबड्याच्या आत पॅड बसतात. खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला. "लोंबू देऊ नगा! ब्रेक ऑइलची नळी तुटंल! बांदा वर कशानं तरी!" मामा ओरडले. दोरी शोधायला वेळ कुणाला? आत्या आत गेल्या आणि परकराची नाडी घेऊन आल्या. आमचा कॅलिपर लाल नाडीनं बांधला गेला.

जुनं पॅड हातात आलं तर त्याच्यावर काही उरलंच नव्हतं, नुसती पत्र्याची पट्टी. मामांनी ते लांबूनच बघितलं आणि मला फक्त "रेडिओ" एवढंच म्हणाले. डिस्कवर नखानं चाचपायला लावलं. बारीक चर होते, खोल नव्हते. "चालतंय. दिवाळीनंतर डिस्क बी बगू."

नवं पॅड जाड असतं, त्याला जागा करायला पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबावा लागतो. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल केलं, जुनं पॅड आडवं धरलं आणि शिकंज्यानं, म्हणजे स्क्रूच्या लोखंडी चिमट्यानं, हळूहळू आवळायला लागले. आत्यांनी कॅलिपर दोन्ही हातांनी धरला होता. आमची डोकी एकमेकींना टेकली होती, आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुजी आई चा गोड पिती का बिनसाखरंचा?"

"बिनसाखरेचा."

"बरं झालं. मला एकटीला वेगळं भांडं ठिवायला लाज वाटती. आता दोघी झालो." मी त्यांच्याकडे बघायला मान वर केली, आणि शिकंजा हातातून सुटला. मामांनी बाजेवरून आरोळी ठोकली, ती साहिलनं वरून ऐकली आणि खिडकीतून वाकून विचारलं, सब ठीक आहे ना?

पिस्टन गेला मागे. मी हात पुसून नवे पॅड उचलायला वळले आणि किंचाळले. आत्यांनी चारही पॅड ओळीनं ताटात मांडून प्रत्येकाच्या तोंडाला हळद-कुंकू लावलं होतं. कुंकू चिकटावं म्हणून आधी तुपाचं बोट.

"आगं आये!" मामा उठून उभेच राहिले. हात काखेतून निघाले, आत्यांनी डोळे वटारले, हात परत काखेत गेले. "तूप! ब्रेकला तूप! घाटात गाडी थांबायची हाय का घसरगुंडी खेळायची हाय?"

"नवी वस्तू हाय. हळद-कुंकू न लावता घालायची व्हय?"

"पाठीला लाव की! तोंडाला कशापायी? तोंडानं धरायचं असतं तिनं!"

मी हसत सुटले. इतकी हसले की खाली बसावं लागलं. आत्या आधी रागावल्या, मग त्याही हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बसून चारही पॅडची तोंडं कोरड्या फडक्यानं पुसली, मग पॉलिश पेपरनं घासून काढली, मामांनी तीनदा नाकाशी धरायला लावून तुपाचा वास गेला की नाही ते बघितलं. मग आत्यांनी पाठीच्या पत्र्यावर बिनतुपाचं, कोरडं हळद-कुंकू बोटानं लावलं. ते मामांनी चालवून घेतलं.

दुसरं चाक निम्म्या वेळात झालं. शेवटी मी गाडीत बसून ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. काहीच नाही! पोकळ!

"मामा!"

"भिऊ नगं. पिस्टन मागं ढकललाय न्हवं? दाबत ऱ्हा. घट्ट लागंस्तवर गाडी हलवायची न्हाई." दाबत राहिले. सातव्या-आठव्या वेळी पेडल वर आलं आणि पायाखाली घट्ट बसलं. मामांनी ऑइल बघितलं, झाकण लावायला लावलं. गल्लीत हळू जाऊन दहा वेळा थांबले. आवाज नाही. आत्या दारात उभ्या होत्या, कोपरापर्यंत काळ्या. मी उतरून त्यांना मिठी मारली, माझ्या चांगल्या ड्रेसची वाट लागली. "माफ करा, आत्या," मी म्हटलं. "तोंडाळ हायेस," त्या म्हणाल्या, "पर नट चांगला काढतीस."

दसऱ्याला पहाटे निघाले. ताम्हिणीच्या उतरणीवर प्रत्येक वळणाला गाडी शहाण्यासारखी थांबत होती. दहाला पाच मिनिटं कमी असताना आईच्या दारात हॉर्न वाजवला.

आई पायरीवर बसली होती. एकच पिशवी, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. "विळी आहे," म्हणाली. "मला दुसऱ्या विळीवर चिरता येत नाही. काल तिचीच पूजा केली, हळद पुसली नाही अजून." दाराला कुलूप लावलं, किल्ली कमळला दिली आणि तिला बजावलं, "आठ दिवस झाडांना पाणी घाल. मग मी येतेच आहे."

"आई, आठ दिवस?"

"बघते तर खरं. नाही पटलं तर विळी उचलायची आणि यायचं." सगळा घाट चढेपर्यंत तिनं ते गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घोटावड्याला आत्यांनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आईचा हात धरून आत नेलं. माजघरात पाट पुन्हा मांडलेला होता. पाने, कोयता, जॅक, माझा लॅपटॉप, सगळ्यांना ताजा झेंडू. शब्द दिला होता ना, दिवसभर सुट्टीचा.

"इहीनबाई, त्ये काय हाय हातात?"

"विळी," आई जराशी ओशाळून म्हणाली. "माझी सवय."

आत्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, सोडलं. पाटाजवळ बसून त्यांनी जॅक एका बाजूला सारला, पाने दुसऱ्या बाजूला, आणि मधे आमच्या विळीशेजारी आईची विळी ठेवली. एक फूल वाहिलं.

"आज हिला बी सुट्टी. उद्याच्याला दोघी मिळून चिरू," त्या म्हणाल्या. "आन् इहीनबाई, आमच्याकडं एकदा पाटावर बसलेलं हत्यार घराबाहीर जात न्हाई. दर साली त्याच जागी बसतंय. ह्या पोरीचं त्ये डबडं बगा, अकरा वर्सं हाय."

आई कितीतरी वेळ त्या रांगेकडे बघत उभी होती. मामांनी खुर्ची पुढे केली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं पदरानं डोळे टिपले आणि माझ्याकडे वळली.

"शुभा, कमळला फोन लाव. म्हणावं, पाणी आठ दिवस नको, रोजच घालत जा."

मी फोन लावला. आत्या चहा ठेवायला आत गेल्या, बिनसाखरेचा, दोघींचा एकाच भांड्यात.